आजीचं 'मेल्या' आणि आईबाबांचा वाद: लहान मुलांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचं काय करायचं

तीन वर्षांचं पोर पडवीत खेळतंय. हातातली गाडी पायरीवरून घसरते आणि ते थेट आजीच्या सुरात म्हणतं, "शिरा पडली तुझ्या तोंडार!" आजी पदर तोंडाला लावून हसते. बाबांनाही हसू आवरत नाही. आईचा चेहरा मात्र उतरतो. रात्री पोर झोपलं की स्वयंपाकघरात सुरू होतं. एक म्हणतं, "शाळेत असं बोललं तर?" दुसरं म्हणतं, "आम्ही असंच ऐकत वाढलो, काय बिघडलं आमचं?"

हा वाद सगळीकडेच होतो, पण कोकणात त्याला एक वेगळी गाठ असते. इथे शिवी आणि माया पुष्कळदा एकाच शब्दात राहतात. "मेल्या, कितके दिसांनी इलंस!" असं म्हणणारी बाई तोवर चुलीवर चहाचं आधण ठेवून मोकळी झालेली असते. घाटावरून किंवा शहरातून आलेल्या सुनेला, जावयाला त्यात 'मेलेला' ऐकू येतो. कुडाळ-मालवणात वाढलेल्याला फक्त आपुलकी ऐकू येते. दोघांचेही कान बरोबर आहेत. म्हणूनच 'चांगलं की वाईट' अशी तोड या वादाला चालत नाही, आधी शब्दांची निवडानिवड करावी लागते.

आधी सात दिवस नुसतं लिहा

पहिल्या आठवड्यात मुलाला काहीही सुधारायचं नाही. एक छोटी वही घ्या आणि त्यात पाच रकाने आखा: शब्द, वेळ, त्या आधी काय घडलं, कोणाला उद्देशून, आणि ऐकणाऱ्या मोठ्यांनी काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. आईबाबांनी आपापली पानं वेगळी ठेवावीत आणि आठवडाभर एकमेकांची बघू नयेत.

नोंद अशी हवी: "मंगळवार, संध्याकाळी ७. 'च्यायला'. दुधाचा पेला सांडला. कोणाला उद्देशून नाही. बाबा हसले, आजीनं काकांना बोलावून 'बघ कसो बोलता' म्हणून सांगितलं." एवढ्या नोंदीतून दोन गोष्टी कळतात. एक, मुलानं शब्द अगदी जागच्या जागी वापरलाय. दूध सांडल्यावर मोठी माणसं जे बोलतात तेच ते बोललं. त्याला अर्थ ठाऊक नाही, जागा ठाऊक आहे. दोन, त्या शब्दाला घरातल्या तीन माणसांचं लक्ष मिळालं. दुसऱ्या कुठल्या शब्दाला एवढं मिळालं होतं?

लहान मुलं अर्थाच्या आधी सूर उचलतात. ज्या शब्दाला जोर आहे, राग किंवा हसू आहे, तो लवकर चिकटतो. 'वरणभात' हा शब्द रोज शंभरदा कानावर पडतो, पण तो कोणी टेबलावर हात आपटून म्हणत नाही.

वहीत मोठ्यांचेही शब्द लिहा, कारण खरी पंचाईत बहुधा तिथे निघते. 'मेल्या'वर हरकत घेणारं माणूसच दिवसातून चारदा "मूर्खासारखं करू नकोस", "नालायक", "गाढव कुठला" म्हणत असतं, आणि ते शुद्ध मराठीत असल्यामुळे कोणाच्या कानाला खटकत नाही. मालवणी 'मेल्या' हसून म्हटलेला असतो, हे 'नालायक' रागानं म्हटलेलं असतं. मुलाला लागतं ते हेच. शब्द कोणत्या बोलीतला आहे यापेक्षा तो कोणावर आणि कसा पडतो ते बघा. पुढचं सगळं याच एका कसोटीवर उभं आहे.

मग ढीग करा

आठवड्यानं दोघांच्या नोंदी एकत्र करून शब्द वेगवेगळ्या कागदांच्या चिठ्ठ्यांवर लिहा. वीस-पंचवीस वाटणारे शब्द प्रत्यक्षात सात-आठच निघतात, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला ढीग निव्वळ बोलीचा. 'खय' (कुठे), 'वायच' (जरा), 'माका नको' (मला नको), 'आवस' (आई), 'बापूस' (वडील), 'गो', 'रे'. यात आईला, आजीला, कित्येक घरांत बाबांनाही 'तू' म्हणणं आलं. मुलीला नपुंसकलिंगात बोलणंही आलं: "ता चेडू खय गेला?" बाहेरून आलेल्या माणसाला ते मुलीचा कमीपणा केल्यासारखं वाटतं, पण मालवणीत चेडू हा शब्दच त्या लिंगात चालतो, त्यात अपमान नसतो. या ढिगाला हात लावायचा नाही. 'माका' म्हटल्यावर "मला म्हण" अशी दुरुस्ती रोज झाली की मुलाला शुद्ध मराठी येते असं नाही, आजीचं बोलणं हलकं आहे एवढं मात्र पक्कं कळतं. मग ते आजीशी कमी बोलू लागतं. दोन बोली ऐकत वाढणारी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच समोरचं माणूस बघून बोली बदलायला लागतात. आजीशी 'माका', बाईंशी 'मला' हे त्यांना शिकवावं लागत नाही. दोन्ही कानांवर पडत राहिल्या की झालं.

दुसरा ढीग उद्गारांचा: 'च्यायला', 'आयला', 'शी', 'अगो बाय'. हे कोणाला उद्देशून नसतात. यातले आईवरून निघालेले एकदोन घरात नको वाटत असतील तर बदलता येतात, तेही सहज.

तिसरा ढीग मायेच्या शिव्यांचा, आणि वाद खरा इथेच असतो. 'मेल्या', 'शिरा पडली', 'मुडदो बशिवलो', 'फटकी येवो'. फटकी म्हणजे पटकी, कॉलरा. ज्या काळात पटकीनं वाड्याच्या वाड्या ओस पडत त्या काळातला हा शाप आज नातवाच्या गालगुच्च्याबरोबर येतो. 'आवशीचो घो'चा शब्दशः अर्थ आईचा नवरा एवढाच, पण तो कुठल्या सुरात म्हटला जातो ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या शब्दांना वय आणि नातं लागतं. सत्तर वर्षांच्या आजीनं नातवाला म्हटलं तर माया, चार वर्षांच्या नातवानं वर्गातल्या मुलाला म्हटलं तर शिवी. म्हणून यांच्यावर सरसकट बंदी घालायची नाही, जागेचा नियम करायचा. तो पुढे येतो.

चौथा ढीग लागणाऱ्या शब्दांचा. काळ्या, जाड्या, लंगडो, मुको, येडो, आणि जातीचं नाव शिवीसारखं वापरणं. यावर 'आमच्याकडे असंच बोलतात' चालत नाही. वाडीत एखाद्या माणसाला वर्षानुवर्षं 'लंगडो' म्हणूनच हाक मारत असतील, तरी मुलाला त्याचं खरं नाव सांगा आणि घरातल्या सगळ्यांनी त्याच नावानं बोला. जातीचा शब्द मोठ्यांच्या तोंडून एकदाही निघता कामा नये. इथे आईबाबांचं दुमत असलं तर ते शब्दाबद्दलचं दुमत नव्हेच, त्यासाठी वेगळं बसावं लागेल.

पाचवा ढीग आईबहिणीच्या आणि देहाच्या शिव्यांचा. घरात बंद. चर्चा नको.

दोघांची बैठक

ज्या दिवशी मुलगा काही बोलला त्याच रात्री हा विषय काढू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या. मूल झोपलेलं किंवा शेजारी खेळायला गेलेलं असताना वीस मिनिटं पुरतात. सासू-सासऱ्यांना या पहिल्या बैठकीत घेऊ नये. त्यांच्यासमोर कोणीही मागे हटत नाही.

सुरुवात तिसऱ्या ढिगापासून करा. प्रत्येकानं सांगायचं की हा शब्द मला का खुपतो, किंवा हा शब्द मला का हवा आहे. इथे दोन उत्तरं पुन्हा पुन्हा निघतात. एकाला भीती असते की शाळेत, माहेरी, सोसायटीत लोक म्हणतील, 'गावंढळ पोर'. दुसऱ्याला वाटतं की शब्दाच्या आडून माझ्या आईला नावं ठेवली जाताहेत. ही दोन वाक्यं मोकळेपणी बोलली गेली की निम्मा राग तिथेच उतरतो. ती पोटात ठेवून केलेली यादी मात्र आठ दिवसांत मोडते, कारण मुलाला रागावणारा प्रत्येक शब्द मग नवरा-बायकोतला टोमणा होऊन बसतो.

मग यादी करा. बंद करायचे शब्द जास्तीत जास्त पाच. जागेच्या नियमाचे दोन-तीन. बाकी सगळे सोडून द्या, अगदी मन मारून सोडा. पंधरा शब्दांवर लक्ष ठेवायला गेलं की दिवसभर टोकाटोकी होते, आणि टोकाटोकीला मूल चार दिवसांत निर्ढावतं. बदली शब्द कोणी निवडायचा? ज्याच्या तोंडी मूळ शब्द बसलाय त्यानं. त्याच्या जिभेला रुचला नाही तर तो वापरणार नाही.

शेवटी एक करार: मुलासमोर एकमेकांना दुरुस्त करायचं नाही. बाबा हसले आणि आई रागावली, असं एकाच वेळी घडलं की मुलाला शब्दाबद्दल काहीच कळत नाही. आपण बोललो की हे दोघं भिडतात, तेवढं कळतं. काही मुलं मग तेच करून बघतात.

आधी मोठ्यांच्या जिभा

पहिले तीन आठवडे फक्त मोठ्यांनी बदलायचं. मुलाला यादी दाखवायचीही गरज नाही.

बदली शब्द निवडताना लोक चूक करतात ती अशी, की फार गुळमुळीत शब्द घेतात. 'च्यायला'च्या जागी 'अरे देवा' म्हणा, असं ठरवतात आणि पहिल्यांदा दाराच्या चौकटीला करंगळी आपटली की मूळ शब्दच बाहेर पडतो. उद्गाराला आघात हवा असतो, जोडाक्षर किंवा 'च', 'ट', 'ड', 'ख' असं दणकट व्यंजन हवं. 'हात्तिच्या', 'अरेच्चा', 'खल्लास', 'झाली पंचाईत' हे तयार आहेत. घरचा एखादा शब्दही चालतो. 'तिरफळ!' जोरात म्हणून बघा. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं ते तिरफळ उद्गार म्हणून चांगलं काम करतं, आणि मुलांना तो शब्द म्हणायला भलताच आवडतो. हाकेसाठी 'मेल्या'च्या जागी 'बाबल्या', 'सोन्या', मुलीला 'बाय', 'बायग्या' असं जे घरात आधीपासून आहे तेच घ्या. नवं, गोड-गोड काही आणू नका.

मोठ्या माणसाच्या तोंडून जुना शब्द निघाला तर दुसऱ्यानं टेबलावर बोटानं दोनदा टकटक करायचं, इतकंच. ज्याच्या तोंडून निघाला त्यानं लगेच बदली शब्द मोठ्यानं म्हणायचा. मूल हे बघतं, आणि मोठी माणसंही चुकून सुधारतात हे त्याला फुकट शिकायला मिळतं. शब्दामागे दहा रुपये दंडाचा डबा ठेवण्याची युक्ती आम्ही सुचवत नाही. मुलांना त्यात गंमत वाटते, आणि ती बाबांच्या तोंडून शब्द काढायच्या मागे लागतात.

मुलानं शब्द उच्चारला, ते दहा सेकंद

सगळी करामत इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

शब्द कानावर पडला. पहिले तीन सेकंद चेहरा कोरा ठेवा. हसू नाही, डोळे वटारणं नाही, दुसऱ्याकडे सूचक नजर टाकणं नाही. हसू येतंच असेल तर वाकून जमिनीवरचं काहीतरी उचला. त्यानंतर मुलाला काय सांगायचं होतं ते ओळखून त्याला ते वाक्य द्या, साध्या आवाजात: "गाडी पडली ना? हात्तिच्या!" किंवा "तुला राग आला. 'माझी गाडी दे' म्हण." ते म्हणालं तर गाडी द्या, लक्ष द्या, शाबासकीची गरज नाही. नाही म्हणालं तर विषय सोडून पुढच्या कामाला लागा. "काय म्हणालास? परत म्हण बघू!" हे वाक्य रागानंही नको आणि कौतुकानं तर नकोच.

शब्द कोणाला तरी लागला असेल, म्हणजे चौथ्या ढिगातला असेल, तर कोरा चेहरा पुरत नाही. मुलाजवळ बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला या आणि एकच वाक्य सांगा: "त्यांना असं म्हटलं की वाईट वाटतं. त्यांचं नाव अमुक काका." मग ज्याला लागलं त्याच्याजवळ स्वतः जाऊन तुम्ही "माफ करा" म्हणा. तीन वर्षांच्या मुलाकडून जबरदस्तीनं माफी म्हणवून घेण्यात अर्थ नाही, तुमचं बघून ते शिकेल.

लक्ष देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस शब्द कमी होण्याऐवजी वाढतो. आधी मिळणारं हसू मिळेना म्हणून मूल जास्त जोरात, जास्त माणसांसमोर बोलून बघतं. 'हे काही लागू पडत नाही' म्हणून बहुतेक घरं इथेच सोडून देतात आणि एक चापटी बसते. हाच टप्पा धरून ठेवायचा असतो. मध्येच एकदा हसलात तर मुलाला कळतं की दहा वेळा म्हटल्यावर मिळतं, आणि शब्द आधीपेक्षा चिवट होतो.

तोंडात मिरची भरण्याची धमकी, चटका, साबण, थोबाडीत यातलं काहीही नको. भीतीनं शब्द जात नाही, तो फक्त तुमच्या मागे बोलला जातो. आणि मुलाच्या तोंडच्या शिवीचा व्हिडिओ काढून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मग मे महिन्यात मुंबईहून आलेली प्रत्येक आत्या, प्रत्येक मामा तेच बोलून दाखवायला सांगतात, आणि तुमची तीन आठवड्यांची मेहनत एका दुपारी वाया जाते.

आजी, आजोबा आणि बंदर

आजीशी ज्याचं रक्ताचं नातं त्यानंच बोलायचं. सुनेनं सासूला सांगितलं की ते बोलणं मोडीत काढल्यासारखं वाटतं. मुलानं आपल्या आईला आपल्या बोलीत सांगावं: "आये, तुझ्या नातवान शाळेत एका पोराक 'मेल्या' म्हटल्यान. वायच मदत कर माका." तक्रार घेऊन गेलात तर आजी घुश्शात येते, मदत मागितलीत तर तीच राखण करते. आजीकडून एकच गोष्ट मागा, नातवानं शब्द म्हटला की हसू नकोस. ती स्वतः म्हणायची थांबणार नाही. साठ वर्षांची जीभ आहे ती, आणि थांबावी अशी अपेक्षाही करू नये.

किनाऱ्यावरच्या घरांत एक जास्तीची गोष्ट असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी, अंगणात जाळी शिवणं चाललेलं, आणि पोरं तिथेच मांडीला मांडी लावून बसलेली. दोन महिन्यांत मुलाची शब्दसंपत्ती दोन्ही अंगांनी वाढते. तसंच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना, किंवा हर्णे बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालू असताना कानावर पडतं. तिथल्या माणसांना गप्प करता येत नाही, करूही नये. मुलाला तिथे न नेणं हा तर अगदीच तोट्याचा उपाय. दोर, वारा, मासा, भरती-ओहोटीचे अस्सल शब्द त्याला तिथेच मिळतात. घरी येताना वाटेत विचारा, "आज नवीन काय ऐकलंस?" आणि माशांची, जाळ्यांची नावं त्याच्याकडून वदवून घ्या. शिवी सांगितली तर "तो बंदरावरचा शब्द" म्हणून पुढे जा.

जागेचा नियम, वयाप्रमाणे

दोन वर्षांपर्यंत नियम नको, नुसता बदली शब्द द्या. दोन ते साडेतीन हा वर सांगितलेल्या दहा सेकंदांचा काळ. चौथ्या वर्षाच्या आसपास मुलाला समजू लागतं की दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, तेव्हा जागेचा नियम कामाला येतो. तो चपलांसारखा सांगा. घरात अनवाणी, अंगणात चप्पल, शाळेत बूट. तसं 'मेल्या' आजीच्या पडवीतला शब्द, तोही आजीनं म्हणायचा. शाळेत, दवाखान्यात, एसटीत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला अर्थ सांगायला हरकत नाही. 'फटकी' म्हणजे काय ते कळलं की कित्येक मुलं स्वतःच तो शब्द टाकतात.

शिमग्याला याची परीक्षा होते. होळीभोवती बोंबा मारायच्या, फाका द्यायच्या, त्यात जे एरवी तोंडातून काढायचं नाही ते गावासमोर काढायचं, ही रीत जुनी आहे. मुलाला घरात कोंडून उपयोग नाही. लहानांना हातानं बोंब मारायला द्या, शब्दांशिवायची बोंबही तेवढीच जोरात होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी सांगा, "आज होळीपाशी मोठे लोक काहीबाही ओरडतील, ते होळीबरोबर जळून जातं, उद्या नाही म्हणायचं." दुसऱ्या दिवशी म्हटलं, तर परत दहा सेकंदांवर या. उलट गावाच्या वतीनं देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यातलं "व्हय म्हाराजा" मुलांना खूप आवडतं, ते पोटभर म्हणू द्या. जोरात आणि सगळ्यांबरोबर ओरडण्याची त्यांची हौस त्यात भागते.

केव्हा हे शब्दाचं प्रकरण राहत नाही

मूल ऐकलेलं वाक्य प्रसंग नसताना पुन्हा पुन्हा म्हणतं आणि स्वतःचं काही सांगत नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गमावतं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सतत मारण्या-मरण्याचे शब्द रागानं येत असतील तर घरात मोठ्यांचं भांडण किती होतं ते आधी बघा.

लहान मुलानं देहाचा किंवा लैंगिक शब्द नुसता उच्चारला तर तो बहुधा ऐकीव असतो. पण त्यासोबत कृतीचं वर्णन येत असेल, कोणा माणसाला ते घाबरत असेल, झोप-लघवीच्या सवयी अचानक बिघडल्या असतील, तर रागावू नका, प्रश्नांची सरबत्ती करू नका. "हे कुठे ऐकलंस?" एवढंच शांतपणे विचारा, जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

यादी जिवंत ठेवणं

महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी, दोघांनी वही उघडायची. पूर्ण महिना ऐकू न आलेला शब्द खोडा. यादीतली जागा रिकामी झाली म्हणून नवा शब्द चढवलाच पाहिजे असं नाही. गणपतीआधीचा रविवार आणि मे महिन्याच्या सुट्टीआधीचा रविवार चुकवू नका. त्या दोन्ही वेळी घर माणसांनी भरतं, लालबाग-डोंबिवलीहून आलेले चुलतभाऊ आपल्याकडचे शब्द घेऊन येतात आणि इथले घेऊन जातात. पाहुणे यायच्या आधी त्यांना फोनवर एकच सांगा, "पोर काही बोललं तर हसू नका." बाकी यादी त्यांना कळवायची गरज नाही.